सासूबाईंचे आजोबा 'ग्रीनवुड', पण आजी फ्रेंच बोलायची. कॅनडातल्या क्युबेकमधलं मूळ गाव कसं शोधू?

मेरिमॅककाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, गेली १९ वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेलला. नवरा इथलाच. प्रश्न माझ्या माहेरचा नाही, सासरचा; खरं सांगायचं तर सासूबाईंच्या माहेरचा. त्या आता ८४ वर्षांच्या आहेत. मागच्या दिवाळीत माझे बाबा इथे आले होते. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या पणजोबांची सही सापडली होती, ही गोष्ट त्यांनी जेवताना सहज सांगितली. सासूबाईंनी ती माझ्याकडून दोनदा भाषांतर करून घेतली. मग ताट तसंच ठेवून म्हणाल्या, "आमचं असं कुठे असेल का गं?" तेव्हापासून मी या उद्योगात आहे.

घरच्यांच्या सांगण्यावरून खरी नावं देत नाही. पण 'ग्रीनवुड' हे अगदी त्याच धाटणीचं आडनाव, त्यामुळे घोळ तुमच्या लक्षात येईल.

आजोबा जोसेफ ग्रीनवुड. १९३१ मध्ये वारले. कापडगिरणीत माग दुरुस्त करायचे. एकच फोटो आहे, मागे लोवेलच्या स्टुडिओचा शिक्का. उभे आहेत, मिशा मेण लावल्यासारख्या ताठ, आणि डावा हात कोटाच्या खिशात. सासूबाई म्हणतात, दोन बोटं गिरणीत गेली होती, म्हणून. आडनाव इंग्रजी, थडग्यावरचा मजकूरही इंग्रजी. पण त्यांच्या बायकोला सगळे 'मेमेर' (फ्रेंचमधली 'आजी') म्हणायचे, आणि तिची जपमाळ शेवटपर्यंत फ्रेंचमध्येच चालायची. सासूबाईंचं लहानपण इथल्या 'लिटिल कॅनडा' वस्तीत गेलं, ऐकन स्ट्रीटच्या बाजूला. चार-चार मजली लाकडी चाळी, दोन इमारतींच्या मध्ये कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. १९६० च्या दशकात शहर सुधारणेच्या नावाखाली ती वस्तीच पाडली. त्यामुळे विचारायला शेजारीपाजारीही उरलेले नाहीत.

मी आत्तापर्यंत अमेरिकेची जनगणना पाहिली. १८९० ची बहुतेक सगळी १९२१ च्या आगीत गेली हे कळलं. बाकीच्यांत जोसेफ सापडले. १९०० मध्ये: जन्म ऑक्टोबर १८६१, 'कॅनडा, फ्रेंच', अमेरिकेत आगमन १८७९. १९१० मध्ये: आगमन १८८३. १९२० मध्ये: आगमन १८८६. नागरिकत्वाच्या रकान्यात तिन्ही वेळा 'परदेशी'. माणूस एकच, पत्ता जुळतो, बायकोमुलं जुळतात, आणि येण्याची सालं तीन! १९०० च्या पानावर मेमेरच्या नावापुढे आणखी दोन रकाने आहेत: किती मुलं झाली, किती जिवंत आहेत. तिथे ११ आणि ७ लिहिलंय. सासूबाईंना ७ माहीत होती. उरलेल्या ४ बद्दल त्यांनी कधीच काही ऐकलं नव्हतं. तो आकडा मी दाखवायला नको होता की काय, असं त्या संध्याकाळी वाटलं.

एका पैसे घेणाऱ्या साइटवर कुणीतरी आमचं ग्रीनवुड घराणं थेट इंग्लंडमधल्या यॉर्कशायरला नेऊन बसवलंय, अगदी ढाल-तलवारीच्या चिन्हासकट. दीर खूश आहे. मला पटत नाहीये.

तर (१) आगमनाचं खरं साल कोणतं धरायचं? (२) क्युबेकमधलं गाव कसं सापडेल? (३) फ्रेंच मला शून्य येतं. तरी जमेल का?

माँट्रियलकर

ताई, यॉर्कशायर विसरा. दिराला हळूच सांगा.

ग्रीनवुड म्हणजे हिरवं रान. फ्रेंचमध्ये हेच 'ब्वाव्हेर'. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात ब्वाव्हेरांचे ग्रीनवुड सर्रास झाले. तसेच रुआ म्हणजे राजा, त्यांचे किंग झाले. लब्लांचे व्हाइट. कुर्तमांश म्हणजे आखूड बाही, तर त्यांचे चक्क शॉर्टस्लीव्ह्ज झाले. ब्वाव्हें म्हणजे 'वाइन पी', त्यांचे ड्रिंकवाइन. हे विनोद नाहीत, खरी आडनावं आहेत. आणि ज्यांचं भाषांतर झालं नाही त्यांचं गिरणीतल्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं स्पेलिंग झालं. त्यामुळे एकाच माणसाला चार-पाच आडनावांखाली शोधावं लागतं.

याच्याही मागे एक भानगड आहे, ती आत्ताच सांगून ठेवते. जुन्या फ्रेंच कागदांत दोन आडनावांच्या मध्ये 'दी' असा शब्द दिसेल. तो म्हणजे आपलं 'उर्फ'. फ्रान्सहून आलेल्या सैनिकांना पलटणीत टोपणनावं असत, तीच पुढे चिकटली. कुणाला गावाचं, कुणाला आईकडचं नाव चिकटलं. मग एक भाऊ मूळ नाव लावतो, दुसरा उर्फ. आपल्याकडे मूळ आडनाव एक आणि देशमुखी मिळाली म्हणून एक शाखा देशमुख, तसलाच प्रकार. ब्वाव्हेरांतली काही घराणी मूळची 'दनेव्हेर उर्फ ब्वाव्हेर' आहेत.

आता पद्धत. क्युबेकमध्ये उडी मारू नका, तिथे जोसेफ ब्वाव्हेर शेकड्यांनी सापडतील. त्या काळी कॅथलिक घरात बहुतेक प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नावात जोसेफ असायचंच आणि मुलीच्या नावात मारी. हाक मारायचं नाव तिसरंच. आधी लोवेलमधलं लग्न शोधा. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी राज्य पातळीवर आहेत, त्यात आईवडिलांची नावं असतात. पण खरा ऐवज चर्चच्या वहीत. फ्रेंच पाद्री लिहिताना वधूवरांच्या आयांची माहेरची आडनावं लिहितो, आणि नशीब असेल तर गावही. फ्रेंच कागदांत बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावानं असते, हे आपल्या फायद्याचं.

आईचं माहेरचं नाव मिळालं की क्युबेक सोपं. तिथे चर्चची वही हीच सरकारी नोंद होती, थेट १९९३ अखेरपर्यंत. प्रत्येक वही दोन प्रतींत, एक चर्चमध्ये आणि एक कोर्टात. एक जळाली तरी दुसरी उरते. १९४० च्या दशकात द्रुएँ नावाच्या वंशावळी-संस्थेनं या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग केलं, ते सगळं आता ऑनलाइन बघता येतं. जगात फार थोड्या साध्या शेतकऱ्यांचं एवढं बारीक दप्तर टिकलंय.

तीन सालांचं कोडं नंतर. १८९५ च्या आधी कॅनडाच्या हद्दीवर येणाऱ्यांच्या याद्या ठेवतच नव्हते, त्यामुळे आगमनाचा कागद मिळणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

शंकेखोर

एवढा खटाटोप कशाला? सासूबाईंची डीएनए टेस्ट करा, ५-६ आठवड्यांत सगळं बाहेर.

माँट्रियलकर

@शंकेखोर, फ्रेंच कॅनेडियनांच्या बाबतीत डीएनएनं उलट गुंता होतो. १७६० पूर्वी फ्रान्सहून येऊन इथे कायम राहिलेली माणसं दहा हजारांच्या आसपास. पुढची लाखोंची प्रजा त्यांचीच, आपापसांत लग्नं करत वाढलेली. त्यामुळे प्रत्येक जण प्रत्येकाचा सहा-सात बाजूंनी चुलत भाऊ निघतो. हजारो मॅच येतात, आणि कुठून ते कळत नाही. कागद आधी, थुंकी नंतर.

मेरिमॅककाठची

माँट्रियलकर, तुमचे पाय कुठे आहेत? लग्न सापडलं!

राज्याच्या नोंदीत १८८७, लोवेल. पण आईवडील कोण, तर 'पीटर आणि मेरी'. म्हणजे आपल्याकडे 'राम आणि सीता' लिहिल्यासारखं. जन्मस्थान 'कॅनडा'. झालं. मग चर्चच्या नोंदीची प्रत मागवली. ती आली फ्रेंचमध्ये, वळणदार अक्षरात, आणि त्यात खरोखरच ब्वाव्हेर लिहिलंय. ग्रीनवुडचं नावही नाही. आईचं माहेरचं आडनावही आहे. गावाचं नाव आहे, पण लागत नाही. पुढे 'निकोले' असं काहीतरी दिसतं.

एक वाईट बातमीही आहे. फोनवरच्या भाषांतरानं वडिलांच्या नावाआधी 'आग' असा शब्द दिला. म्हणजे जोसेफचे वडील आगीत गेले. सासूबाईंना सांगितलं तर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग रविवारी चर्चमध्ये जाऊन त्यांच्या नावानं मेणबत्ती लावून आल्या. आगीबद्दल तिथल्या वर्तमानपत्रात काही मिळेल का?

माँट्रियलकर

अगं ताई! 'फ्यो' म्हणजे आग, बरोबर. पण नावाआधी आलं की 'कैलासवासी'. 'फ्यो पियर' म्हणजे कै. पियर. स्पेलिंग एकच. मुलाच्या लग्नाआधी वडील वारले होते एवढाच त्याचा अर्थ. कुणी जळलं नाही. मेणबत्ती वाया नाही गेली म्हणा, पण सासूबाईंना आज रात्रीच फोन करा.

आणि 'जुर्नालिए' शब्द दिसला तर तोही सांभाळा. एका मैत्रिणीच्या घरी तीन पिढ्या समजत होते की पणजोबा पत्रकार होते. तो शब्द रोजंदारीवरच्या मजुरासाठी आहे.

निकोले म्हणजे सेंट लॉरेन्सच्या दक्षिण काठावरचा भाग, त्र्वा-रिव्हिएर शहराच्या समोर नदीपलीकडे. पान स्कॅन करून मला मेसेजमध्ये टाका, गावाचं मी बघते.

मोडीवाला

पोरी, मला फ्रेंच येत नाही, पण चाळीस वर्षं मोडी दफ्तरं वाचतोय. अक्षर वाचायची युक्ती सगळीकडे सारखी. एका पाद्र्याच्या हातची दहा-बारा पानं घे. त्यात तुला ठाऊक असलेले शब्द शोध: महिन्यांची नावं, गावाचं नाव, पाद्र्याची सही. त्यांतली अक्षरं उचलून एका कागदावर त्या माणसाचा तक्ता कर. त्याचा 'एस' कसा, 'आर' कसा, शेवटचं अक्षर ओढतो की तोडतो. लिपी नाही वाचायची, हात वाचायचा. दुसरा पाद्री आला की नवा तक्ता.

शिवाय या नोंदी साच्यातल्या असणार. आमच्या खतांत 'लिहून देणार... लिहून घेणार...' असतं तसं. एक नोंद पूर्ण समजून पाठ केलीस की पुढच्या शंभरांत फक्त नावं बदलतात.

सालं शब्दांत लिहितात असं नातवानं सांगितलं, तो पुण्यात फ्रेंच शिकतो. म्हणाला, पंच्याहत्तर म्हणजे 'साठ-पंधरा' आणि ब्याण्णव म्हणजे 'चार-वीस-बारा'. तेव्हा 'साठ' दिसल्याबरोबर साठ लिहून मोकळी होऊ नकोस, पुढचा शब्द बघ. आणि सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने जुन्या कागदांत ७, ८, ९, १० आकड्यांनी आखूड करतात. ८ म्हणजे ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर. अनेकांची वर्षं तिथे गेली आहेत.

परळचा नातू

तीन सालांबद्दल मी बोलू का? आजोबा आणि वडील दोघेही परळच्या गिरणीत, आजोबा साळखात्यात. लोवेलच्या गिरण्यांविषयी बरंच वाचलंय, कारण दोन्हीकडची कहाणी एकमेकींत अडकलेली आहे. अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस अडला. लोवेलच्या मालकांनी साठ्यातला कापूस चढ्या भावानं विकून गिरण्याच बंद ठेवल्या. त्याच वर्षांत मुंबईचे कापूसवाले इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना माल पाठवून गबर झाले, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच कोसळले. लोवेलच्या गिरण्या पुन्हा चालू झाल्या तेव्हा जुने हात निघून गेले होते. मग माणसं आणली क्युबेकहून.

ती माणसं कशी आली, तर आमचे लोक कोकणातून आले तशी. आधी एक जण, मग भाऊ, मग बहीण-मेहुणा. खोलीत आठ-दहा जण. पोरंही कामाला, भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावणारा 'डॉफर' लोवेलमध्येही डॉफरच आणि आमच्याकडेही. जोसेफचं काम आमच्याकडे जॉबरच्या अंगावर असायचं. फरक एवढाच की आमचा जॉबर माणसं भरतीही करायचा, त्यामुळे त्याचा रुबाब वेगळा.

आणि मुख्य मुद्दा: ते जाऊन-येऊन होते. गणपती-शिमग्याला गावी, पेरणीला गावी, तसं. गिरणीत मंदी आली की क्युबेक, तिथे कर्ज फिटेना की पुन्हा गिरणी. रेल्वे झाल्यावर ते परवडायचं. मॅसॅच्युसेट्सच्या कामगार खात्याचा प्रमुख कॅरल राइट यानं १८८१ च्या अहवालात याच कारणावरून त्यांना 'पूर्वेकडच्या राज्यांतले चिनी' म्हटलं: येतात, पैसे साठवतात, निघून जातात, इथले होत नाहीत. त्यावरून एवढा गदारोळ झाला की त्याला त्यांची बाजू ऐकायला सुनावणी घ्यावी लागली.

तेव्हा ताई, जनगणनेतली तीन सालं तीन चुका आहेत असं धरून चालू नका. दर वर्षीच्या शहर डिरेक्टऱ्या बघा. त्यात नाव, धंदा, पत्ता असतो. बिऱ्हाड स्वतःचं की दुसऱ्याकडे खोलीत भाड्यानं ते कळतं. आणि माणूस शहर सोडून गेला तर कुठे गेला हेही कधी कधी लिहितात.

मेरिमॅककाठची

परळचे दादा, शनिवारचा अख्खा दिवस पोलार्ड ग्रंथालयात बसून आले. सोबत सासूबाई. त्या भिंग घेऊन, मी फोन घेऊन.

ग्रीनवुड आणि ब्वाव्हेर दोन्हीकडे बघावं लागलं. १८८० आणि १८८१ ला आहेत, गिरणी कामगार, ऐकन स्ट्रीटवर खानावळीत. १८८२ ला नावापुढे दोनच शब्द: 'कॅनडाला गेले'. १८८४ ला पुन्हा हजर. १८८६ ला परत 'कॅनडाला गेले'. १८८७ ला हजर, आणि आता स्वतःच्या बिऱ्हाडात. त्याच वर्षी लग्न.

म्हणजे १८७९, १८८३, १८८६ ही तीनही आगमनं खरीच असावीत! दर जनगणनेला दारात कुणीतरी वेगळं उत्तर दिलं असेल. सासूबाईंचा तर्क असा, की १९०० ला स्वतः जोसेफ बोलले, १९२० ला मेमेर. मेमेरच्या लेखी तो १८८६ ला आला. त्याआधीचं तिच्या हिशेबात नाही. (या तर्काला पुरावा शून्य. पण मी वाद घातला नाही.)

प्रश्न असा की पंचविशीच्या आतच दोनदा परत का गेले असतील?

माँट्रियलकर

गाव लागलं. जोसेफचा बाप्तिस्माही मिळाला, ऑक्टोबर १८६१, जन्म 'काल' म्हणून लिहिलाय. वडील शेतकरी, सही येत नाही. १८७१ च्या कॅनडाच्या जनगणनेत घरात ८ मुलं, जोसेफ तिसरा मुलगा. तिसरा हे लक्षात ठेवा.

तिकडची शेतं म्हणजे नदीकाठापासून आत गेलेल्या लांबच लांब, अरुंद पट्ट्या. जुन्या सरंजामी वाटपातल्या. ती व्यवस्था १८५४ ला कायद्यानं गेली, पण पट्ट्यांचा आकार तोच राहिला. आणखी वाटण्या केल्या तर नांगर वळवायला जागा उरणार नाही. म्हणून आईबाप म्हातारे झाले की अख्खं शेत एका मुलाच्या नावे करून द्यायचे, आणि बाकीच्यांनी आपली वाट बघायची. ती वाट बहुधा दक्षिणेला जायची, 'ओ-झेता', म्हणजे 'स्टेट्सला'. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख लोक असे गेले.

हे देणं नोटरीसमोर व्हायचं. क्युबेकचा नोटरी म्हणजे शिक्का मारणारा नव्हे. तो दस्त लिहितो आणि मूळ प्रत स्वतःच्या दफ्तरात ठेवतो. तो गेला की दफ्तर सरकारजमा. आता ती दफ्तरं क्युबेकच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात आहेत, या भागातली त्र्वा-रिव्हिएरच्या शाखेत. नोटरीनं तारीखवार सूची केलेली असते. मी त्या गावात काम करणाऱ्या दोन नोटरींच्या सूच्या १८७८ पासून चाळायला घेतल्या. चौथ्या रात्री सापडलं.

जानेवारी १८८१. आईबाप थोरल्या मुलाला शेत, घर, कोठार, जनावरं देतात. बदल्यात मुलानं त्यांना मरेपर्यंत काय काय द्यायचं याची यादी दीड पान आहे. दळलेलं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, बटाटे, चहा. तोडून, फोडून, दाराशी रचून दिलेलं सरपण. रविवारी चर्चला जायला घोडा जुंपलेली गाडी, हिवाळ्यात घसरगाडी. आजारी पडले तर पाद्री आणि डॉक्टर आणणं, आणि परत नेऊन सोडणं. आणि एक दुभती गाय, 'न मरणारी'. हो, असंच लिहितात. गाय मेली तर मुलानं दुसरी आणून द्यायची, म्हणजे कागदावरची गाय कधी मरत नाही.

शेवटी धाकट्यांची सोय. जोसेफ, 'सध्या स्टेट्समध्ये', याला सज्ञान झाल्यावर थोरल्यानं ६० पियास्त्र द्यायचे. पियास्त्र म्हणजे डॉलरच, बोलीतलं नाव. जोसेफ २१ चा झाला ऑक्टोबर १८८२ ला. डिरेक्टरीतलं पहिलं 'कॅनडाला गेले' आठवा.

मोडीवाला

वाहवा. आमच्याकडच्या वाटणीपत्रांत म्हातारीला 'लुगडी दोन आणि चोळ्या चार दरसाल' असतं. हे लिहून घ्यायची वेळ यायची याचा अर्थ पोरं न सांगता देत नव्हती, तिकडेही आणि इकडेही.

परळचा नातू

६० मिळाले का पण त्याला?

मेरिमॅककाठची

उशीर झाला उत्तराला, माफ करा. सासूबाईंना मध्यंतरी न्यूमोनिया झाला होता. आता घरी आहेत, खोकतात पण ऐकत नाहीत.

परळचे दादा, तुमचा प्रश्न मलाही पडला होता. माँट्रियलकरांनी त्याच नोटरीची सूची पुढे चाळली आणि मे १८८६ ची पावती काढली. एकच पान. 'जोसेफ ब्वाव्हेर, राहणार लोवेल, मॅसॅच्युसेट्स राज्य, सध्या मुक्काम या गावी.' भावाकडून २० पियास्त्र आधी मिळाले होते, १८८२ मध्ये. ४० आत्ता समक्ष मिळाले. काही बाकी नाही. खाली, वाचून दाखवल्यावर, सही येत नाही असं सांगितलं. फक्त नोटरीची आणि एका साक्षीदाराची सही.

म्हणजे माणूस दोनदा गेला तो हिश्शाचे ६० डॉलर आणायला. पहिल्यांदा भावानं वीसच्या पुढे दिले नाहीत, किंवा त्याच्याकडे नव्हते, कागद काही सांगत नाही. १८८२ ला गेला तो लगेच परतलाही नाही, थेट १८८३ ला आला. तिथे रोजंदारीवर राबला असेल, किंवा पैशांची वाट बघत बसला असेल. दुसऱ्या खेपेला चाळीस घेऊन आला आणि वर्षाच्या आत लग्न करून बिऱ्हाड मांडलं. पुढे गेला नसावा. लोवेलच्या डिरेक्टरीत १८८७ पासून १९३१ पर्यंत एकही वर्ष चुकलेलं नाही, मी सगळी बघितली. ब्वाव्हेरचं ग्रीनवुड कायमचं झालं १८९४ मध्ये. त्या वर्षीपासून दोन्हीकडे शोधायची गरज उरत नाही.

दिराला यॉर्कशायरची ढाल परत करायला सांगितली आहे. तो म्हणतो, टी-शर्ट छापून झालेत.

त्या चार मुलांचीही नावं मिळाली, लोवेलच्याच चर्चच्या वहीत. तीन वर्षभराच्या आतली, एक पाच वर्षांची. सासूबाईंनी ती चारही नावं प्रार्थनेच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिली. अक्षर आता कापतं त्यांचं. मी मदत करू का विचारलं, तर नको म्हणाल्या.

काल रात्री माँट्रियलकरांनी केलेलं दस्ताचं भाषांतर मी त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवत होते, उशाशी बसून. सरपण, बटाटे, घसरगाडी. न मरणाऱ्या गाईपाशी आले तशा त्या हसल्या, मग खोकला आला, मग पाणी. आणि म्हणाल्या, "रंग लिहिलाय का तिचा?"

मला आठवत नव्हतं. फोनवर मूळ पान मोठं करून बघितलं. मोडीवाले काका, तुमचा तक्ता उपयोगी पडला. दुसरं पान, खालून चौथी ओळ, जनावरांच्या यादीत. तांबडी.